भेट, हल्ला आणि तह : वाक्कृतीच्या अटी

१. उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
- बोलणे ही केवळ माहिती नसून कृती कशी असते, हे स्पष्ट करता येईल.
- वाक्कृती यशस्वी होण्यासाठी कोणत्या अटी लागतात, त्या सांगता येतील.
- शांततेचा प्रस्ताव, इशारा आणि धमकी यांतील भेद उदाहरणांनी दाखवता येईल.
- मराठीतील ‘-शी’ आणि ‘वर’ यांच्या वापरातून सूचित होणारा अर्थभेद ओळखता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शब्दाचा अर्थ कोशात सापडतो आणि वाक्याचा अर्थ व्याकरणाच्या मदतीने लावता येतो. परंतु एखादे वाक्य उच्चारल्याने प्रत्यक्ष व्यवहारात काय घडते, या प्रश्नाचे उत्तर कोशातही नसते आणि व्याकरणातही नसते. ‘आम्ही शांततेसाठी आलो आहोत’ हे वाक्य घ्या. त्यातील एकही शब्द कठीण नाही, रचनाही सरळ आहे. तरीही हे वाक्य उच्चारल्यानंतर शांतता नांदेल की गोळी सुटेल, हे वाक्याकडे पाहून सांगता येत नाही. असे का होते, याचा शोध या घटकात घ्यावयाचा आहे.

त्यासाठी एका विज्ञानपटातील प्रसंग निवडला आहे. विज्ञानकथेचा येथे एक विशेष उपयोग होतो. एकाच समाजातील दोन माणसे बोलतात तेव्हा त्यांच्यातील असंख्य संकेत आधीच समान असतात, आणि समान असल्यामुळेच ते आपल्या लक्षात येत नाहीत. परग्रहावरून आलेला दूत आणि त्याचा यंत्रमानव माणसांसमोर उभे राहिले की हे सारे संकेत गळून पडतात. जे नेहमी गृहीत धरलेले असते, ते तेथे नसल्यामुळे दिसू लागते.

३. विषय-विवेचन

३.१ प्रसंग

१९५१ मध्ये ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शन रॉबर्ट वाइज यांचे असून पटकथा एडमंड नॉर्थ यांची आहे. हॅरी बेट्स यांच्या १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेअरवेल टू द मास्टर’ या कथेवर तो आधारलेला आहे. चित्रपट आला तो काळ ध्यानात घेणे आवश्यक आहे. दुसरे महायुद्ध संपून सहा वर्षे झाली होती. १९४९ मध्ये सोव्हिएत संघानेही अणुबाँबची चाचणी केली होती. कोरियात युद्ध चालू होते आणि जुलै १९५१ मध्ये तेथे शस्त्रसंधीची बोलणी सुरू झाली होती. त्या शस्त्रसंधीवर सह्या होण्यास २७ जुलै १९५३ हा दिवस उजाडावा लागला. शांततेविषयी बोलणे आणि शांतता होणे यांतील अंतर त्या प्रेक्षकांना वृत्तपत्रांतून रोज दिसत होते.

चित्रपटाच्या आरंभी एक अंतराळयान वॉशिंग्टन शहरातील मैदानावर उतरते. लोकांची गर्दी जमते. सैनिक, रणगाडे आणि तोफा यानाभोवती कडे करतात. काही वेळाने यानातून क्लाटू नावाचा दूत बाहेर येतो. आपण शांततेने आणि सद्भावनेने भेटीस आलो आहोत, असे तो इंग्रजीत सांगतो. चालत पुढे येताना तो आपल्या पोशाखातून एक वस्तू काढून समोर धरतो. ती वस्तू झटकन उघडते. त्याच क्षणी घाबरलेला एक सैनिक गोळी झाडतो. दूत जखमी होऊन कोसळतो, वस्तू मोडते.

यानंतर यानातून गॉर्ट हा प्रचंड यंत्रमानव बाहेर पडतो. त्याच्या शिरस्त्राणाची झडप वर जाते आणि आतून निघालेल्या किरणाने बंदुका, रणगाडे, तोफा नाहीशा होतात. माणसे मात्र सुरक्षित राहतात. क्लाटू आपल्या भाषेत आज्ञा करतो आणि गॉर्ट थांबतो. मोडलेली वस्तू हाती घेऊन क्लाटू सांगतो की ती तुमच्या राष्ट्राध्यक्षांसाठी आणलेली भेट होती. तिच्या साहाय्याने त्यांना इतर ग्रहांवरील जीवनाचा अभ्यास करता आला असता.

प्रसंग येथे संपतो. आता त्याचे भाषावैज्ञानिक विश्लेषण करू.

३.२ बोलणे हीच कृती

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एक व्याख्यानमाला दिली. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९६२ मध्ये ती व्याख्याने ‘हाउ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचा मूळ मुद्दा साधा आहे. ‘बाहेर पाऊस पडतो आहे’ या वाक्याबद्दल ते खरे की खोटे, असे विचारता येते. ‘मी शपथ घेतो’, ‘सभा संपली असे मी जाहीर करतो’, ‘माझी पैज’ या वाक्यांबद्दल तसे विचारता येत नाही. ही वाक्ये उच्चारणे म्हणजेच ती गोष्ट करणे होय. अशा कृतीला आपण ‘वाक्कृती’ म्हणू.

प्रत्येक उक्तीत ऑस्टिन तीन पदर पाहतात. या घटकापुरती त्यांना पुढील नावे देऊ. अन्य पुस्तकांत वेगळे पर्याय आढळतील.

उच्चारणकृती : विशिष्ट शब्द विशिष्ट अर्थाने उच्चारणे.
हेतुकृती : ते शब्द उच्चारून विनंती, वचन, आज्ञा, प्रस्ताव यांपैकी एखादी गोष्ट करणे.
परिणामकृती : ऐकणाऱ्यावर घडून येणारा परिणाम, उदाहरणार्थ धीर येणे, भीती वाटणे, मन वळणे.

क्लाटूची उच्चारणकृती निर्दोष आहे. भाषा श्रोत्यांचीच आहे, उच्चार स्पष्ट आहेत. त्याला करावयाची हेतुकृती म्हणजे शांततेचा प्रस्ताव. घडलेली परिणामकृती मात्र भीती आणि तिच्यापाठोपाठ हल्ला. तेव्हा बिघाड शब्दांत झालेला नाही. तो शब्द आणि कृती यांना जोडणाऱ्या दुव्यात झाला आहे. हा दुवा म्हणजेच वाक्कृतीच्या अटी.

३.३ वाक्कृतीच्या अटी

ऑस्टिन यांनी सांगितलेल्या अटींचा सारांश असा मांडता येईल.

(अ) त्या कृतीची समाजमान्य रीत अस्तित्वात असली पाहिजे आणि ती पार पाडणाऱ्या व्यक्ती व परिस्थिती योग्य असली पाहिजे.
(आ) सर्व सहभागी व्यक्तींनी ती रीत अचूकपणे व पूर्णपणे पार पाडली पाहिजे.
(इ) त्यांच्या मनात तसा खरा हेतू असला पाहिजे आणि पुढील वर्तनही त्याला अनुसरून असले पाहिजे.

पहिल्या दोन अटी मोडल्या तर कृती घडतच नाही, ती ‘फसते’. तिसरी मोडली तर कृती घडते, परंतु तिचा ‘दुरुपयोग’ होतो.

प्रथम पहिली अट पाहू. दूताला इजा करू नये ही रीत माणसांत फार जुनी आहे. रामायणात हनुमानाला ठार मारण्याची आज्ञा रावण देतो तेव्हा बिभीषण त्याला दूत अवध्य असल्याची आठवण करून देतो. महाभारतात कृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास जातो तेव्हा दुर्योधन त्याला बांधून ठेवण्याचा बेत करतो. तो बेत अधर्म्य मानला जातो, कारण रीत सर्वांना ठाऊक आहे. आधुनिक काळात हीच रीत कायद्याच्या रूपात आली. १९०७ च्या हेग नियमावलीने पांढरे निशाण घेऊन बोलणी करण्यास येणाऱ्याला संरक्षण दिले. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने राजदूताची व्यक्ती अनुल्लंघनीय ठरवली.

रीत इतकी जुनी आणि मान्य असूनही क्लाटूला ती लागू पडली नाही, कारण रीत अमलात येण्यासाठी समोरची व्यक्ती दूत आहे हे आधी ओळखता यावे लागते. त्याच्या हाती पांढरे निशाण नव्हते. तो येणार असल्याचे कोणी कळवले नव्हते. त्याला कोणी पाठवले, हेही ठाऊक नव्हते. पांढरा रंग आणि युद्धविराम यांत कोणताही नैसर्गिक संबंध नाही. सोस्यूर यांच्या परिभाषेत हे चिन्ह यादृच्छिक आहे. दोन्ही पक्षांनी ते आधी मान्य केलेले असते, म्हणूनच ते काम करते. तसे चिन्ह नसलेल्या दूताचे शब्द, ते खरे असूनही, निराधार राहतात.

दुसऱ्या अटीतील ‘सर्व सहभागी व्यक्तींनी’ हे शब्द अधोरेखित करा. प्रस्ताव मांडणाऱ्याने आपला भाग चोख केला तरी ऐकणाऱ्याने तो ‘प्रस्ताव’ म्हणून ग्रहण केल्याशिवाय कृती पुरी होत नाही. पैज लावण्यासाठी जसे दुसऱ्याने ‘मान्य’ म्हणावे लागते, तसेच हे आहे. सैनिकाने दूताला बोलणे पुरे करू दिले असते, वस्तू काय आहे असे विचारले असते, तर ग्रहणाची पहिली पायरी चढली गेली असती. तो सैनिक दुष्ट नाही, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. त्याला कोणाचा द्वेष करावयाचा नव्हता. त्याने एक चिन्ह वाचले आणि चुकीचे वाचले.

३.४ भेटीचे दोन अर्थ

मराठीत ‘भेट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : दोघांचे एकत्र येणे आणि एकाने दुसऱ्याला प्रेमाने दिलेली वस्तू. ‘त्यांनी वाचनालयाला भेट दिली’ या वाक्यात वक्ता कोणता अर्थ घेतो, हे संदर्भावरूनच कळते. ही अनेकार्थता येथे उपयोगी पडते, कारण या प्रसंगात एक भेट न कळल्यामुळे दुसरी भेट उधळली गेली.

क्लाटूने धरलेल्या वस्तूकडे सैनिकाच्या जागी उभे राहून पाहा. अनोळखी वस्तूचा अर्थ माणूस ओळखीच्या वस्तूंच्या साहाय्याने लावतो. कडे करून उभ्या असलेल्या सैनिकाच्या अवतीभवती ओळखीच्या वस्तू म्हणजे केवळ शस्त्रे होती. ज्या संदर्भात रणगाडे आणि तोफा आहेत, त्या संदर्भात झटकन उघडणारी वस्तू शस्त्र म्हणून वाचली जाणे स्वाभाविक होते. म्हणजे संदर्भ केवळ अर्थ स्पष्ट करतो असे नाही, तो अर्थ ठरवून टाकतो. स्वागताची जागा शस्त्रांनी वेढली की तेथे आलेली भेटवस्तूही शस्त्र ठरते.

३.५ ‘कोणाशी’ आणि ‘कोणावर’

आता आपल्या भाषेचे व्याकरण याबाबत काय सुचवते ते पाहू. पुढील दोन वाक्ये वाचा.

(१) ताई त्याच्याशी बोलली.
(२) ताई त्याला बोलली.

पहिल्या वाक्यात संवाद आहे, दुसऱ्यात रागावणे. क्रियापद एकच, परंतु ‘-शी’ आला की दुसरी व्यक्ती सहभागी होते आणि ‘-ला’ आला की ती केवळ ऐकून घेणारी राहते. पारंपरिक व्याकरणात ‘-शी’ हा तृतीयेचा प्रत्यय मानला जातो. येथे त्याचे कार्य सहभाग दाखवण्याचे आहे. तह, समेट, करार, मैत्री, बोलणी, लग्न या साऱ्या गोष्टी मराठीत आपण कोणाशी तरी करतो. हल्ला मात्र कोणावर तरी करतो, गोळीही कोणावर तरी झाडतो.

हा अनुल्लंघनीय नियम नव्हे. ‘भेटणे’ हे क्रियापद परस्परसहभाग दाखवूनही ‘-ला’ घेते. तरीही या योजनेतील कल लक्षणीय आहे. हल्ल्यासाठी दुसऱ्याची संमती लागत नाही. तो एकट्याने, एका क्षणात करता येतो. तहासाठी दोघे लागतात आणि वेळ लागतो.

आणखी एक बाब विचारात घ्या. ‘लढणे’, ‘भांडणे’, ‘युद्ध करणे’ या क्रियाही ‘-शी’ घेतात. युद्धात निदान दोन्ही बाजू एकमेकींना प्रतिपक्ष म्हणून ओळखतात, म्हणूनच युद्धाचे नियम असू शकतात आणि युद्धाचा शेवट तहाने होऊ शकतो. वॉशिंग्टनच्या मैदानावर जे घडले ते युद्धही नव्हते. समोर कोण आहे हे न ओळखताच झालेला तो हल्ला होता.

३.६ खोटा प्रस्ताव

तिसऱ्या अटीचे उदाहरण टिम बर्टन यांच्या १९९६ मधील ‘मार्स अटॅक्स!’ या विनोदी चित्रपटात सापडते. नेवाडाच्या वाळवंटात मंगळवासीयांच्या स्वागताचा समारंभ योजला जातो. आपण शांततेने आलो आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा अनुवाद यंत्राद्वारे ऐकू येतो. जमावातील एकजण आनंदाने पांढरे कबूतर उडवतो. मंगळवासी कबूतर मारतात आणि जमलेल्या लोकांवर तुटून पडतात. यानंतर माणसे समजूत करून घेतात की उडत्या कबुतराचा अर्थ त्यांच्या संस्कृतीत वेगळा असावा. दिलगिरी स्वीकारून त्यांना अमेरिकन काँग्रेससमोर बोलावले जाते आणि तेथेही ते तेच करतात.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. क्लाटूचा हेतू खरा होता आणि त्याची वाक्कृती फसली. मंगळवासीयांची वाक्कृती माणसांनी ग्रहण केली, परंतु हेतू खोटा होता. तो दुरुपयोग होता. पहिल्यात अविश्वासाची किंमत मोजावी लागली, दुसऱ्यात विश्वासाची. वाक्य मात्र दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. एखाद्या उक्तीचा खरेपणा त्या उक्तीच्या शब्दांत शोधता येत नाही, तो पुढील वर्तनात दिसतो. म्हणून ऑस्टिन यांनी नंतरचे वर्तन हा अटीचाच भाग मानला.

३.७ यंत्रमानव : वेठबिगार, धनी, पहारेकरी

‘रोबो’ किंवा ‘रोबॉट’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० मधील ‘आर.यू.आर.’ या नाटकातून जगभर गेला. तो त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचवला होता. मूळ चेक शब्दाचा अर्थ सक्तीचे श्रम, म्हणजे आपल्याकडील ‘वेठ’. शब्दाच्या जन्मापासून यंत्रमानव हा वेठबिगार होता.

बेट्स यांच्या १९४० च्या कथेत हे नाते उलटते. तेथेही क्लाटू येताच मारला जातो. मारणारा मनोरुग्ण असतो. मूक यंत्रमानव ग्नट मागे राहतो. दूताच्या स्वागतशब्दांच्या ध्वनिमुद्रणावरून तो त्याला पुन्हा घडवण्याचा प्रयत्न करतो, परंतु मुद्रणच सदोष असल्यामुळे घडवलेला देह टिकत नाही. शेवटी कळते की धनी यंत्रमानव होता. माणसांनी बोलणाऱ्याला, आपल्यासारख्या दिसणाऱ्याला प्रमुख मानले होते. ‘योग्य व्यक्ती’ ही अट रूपावरून ठरवली की अशी गफलत होते.

१९५१ च्या चित्रपटात यंत्रमानव पहारेकरी झाला आहे. शेवटच्या भाषणात क्लाटू सांगतो की आमच्या ग्रहांनी शांतता राखण्याचा अधिकार यंत्रमानवांना कायमचा दिला आहे. पृथ्वीने आपली हिंसा अंतराळात नेली तर ती नष्ट होईल. निर्णय तुमचा आहे. ही कोणती वाक्कृती आहे?

‘मी उद्या येतो’ हे वाक्य माहिती, वचन किंवा धमकी यांपैकी काहीही असू शकते. ऑस्टिन यांचे शिष्य जॉन सर्ल यांनी १९६९ च्या ‘स्पीच ॲक्ट्स’ या ग्रंथात अशा भेदांचे सूक्ष्म विवेचन केले आहे. वचनात वक्ता ऐकणाऱ्याला हवी असलेली गोष्ट करण्याचे बंधन स्वीकारतो. धमकीत नको असलेली गोष्ट करण्याचे सांगतो. इशाऱ्यात अनिष्टाची पूर्वकल्पना दिली जाते, परंतु ते करणारा वक्ता असतोच असे नाही. आता पुढील दोन वाक्ये पाहा. ती या अभ्यासासाठी रचलेली आहेत.

(३) आम्ही तुम्हांला नष्ट करू.
(४) तुम्ही नष्ट व्हाल.

तिसऱ्यात करणारा समोर उभा आहे, म्हणून ती धमकी वाटते. चौथ्यात करणारा दिसेनासा होतो, म्हणून तो इशारा वाटतो. सारा अधिकार यंत्राकडे सोपवला असे सांगून क्लाटू (३) चे रूपांतर (४) मध्ये करतो. येथे तुम्ही वाचक म्हणून थांबून विचारले पाहिजे : धाकाने राखलेल्या शांततेला ‘तह’ म्हणता येईल काय? तिच्यात ‘-शी’ उरतो, की केवळ ‘वर’ उरतो?

चित्रपटाने स्वतःच एक वेगळे उत्तर सुचवले आहे. क्लाटूला दुसऱ्यांदा गोळी लागते तेव्हा गॉर्टच्या हातून होणारा विध्वंस हेलन बेन्सन थांबवते. ती युद्धात पती गमावलेली, नोकरी करून मुलाला वाढवणारी सामान्य स्त्री आहे. क्लाटूने तिला परक्या भाषेतील तीन शब्द पाठ करण्यास सांगितलेले असतात. त्यांचा अर्थ प्रेक्षकांना कोठेही सांगितलेला नाही. समोर भयंकर यंत्र उभे असताना ती ते शब्द उच्चारते आणि ते थांबते. ज्याला कायमचा अधिकार दिला आहे असे म्हटले, तो यंत्रमानवही शब्दाने थांबतो. आरंभीच्या प्रसंगात सर्वांना कळणारे वाक्य निष्फळ ठरले. येथे प्रेक्षकांना न कळणारे शब्द सफळ झाले. कारण येथे संकेत आधी ठरलेला होता, तो योग्य व्यक्तीने सोपवला होता, आणि तो घेणाऱ्या स्त्रीने देणाऱ्यावर विश्वास ठेवला होता.

४. समारोप

शांतता हा एकाने दुसऱ्याला पाठवलेला संदेश नसून दोघांनी मिळून पुरी करावयाची वाक्कृती आहे. तिला मान्य रीत, ओळखता येणारा दूत, ग्रहण करणारा श्रोता, खरा हेतू आणि हेतूला धरून असलेले वर्तन लागते. यांपैकी एक जरी उणे असले तरी निर्दोष वाक्य निष्फळ ठरते. ही बाब परग्रहापुरती मर्यादित नाही. गावातील बांधाचा वाद, कुटुंबातील वाटणी, कामाच्या ठिकाणचा तंटा अशा प्रसंगी समेटाची पहिली उक्ती ऐकणाऱ्यावरही तितकीच जबाबदारी टाकते. समोरच्याच्या हातात काय आहे, हे विचारण्याएवढा अवकाश त्या उक्तीला मिळणे, ही तिची पहिली गरज असते.

५. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

(१) ‘फसलेली वाक्कृती’ आणि ‘वाक्कृतीचा दुरुपयोग’ यांतील भेद घटकातील दोन चित्रपटांच्या आधारे स्पष्ट करा.
(२) ‘-शी’ आणि ‘वर’ घेणाऱ्या प्रत्येकी पाच क्रिया लिहा. घटकात सांगितलेल्या कलास अपवाद आढळल्यास नोंदवा.
(३) तुमच्या परिसरात ऐकलेली धमकी, इशारा आणि वचन यांची प्रत्येकी दोन वाक्ये लिहा व त्यांत ‘करणारा’ कोठे दिसतो, कोठे लपतो ते दाखवा.
(४) हेलनने उच्चारलेल्या शब्दांत उच्चारणकृती, हेतुकृती आणि परिणामकृती कोणत्या, ते सांगा.